नकाराची रीत

"निवडून आलं की आधी नाही म्हणायचं असतं म्हणे," अमासा फिच म्हणाला आणि पिंपांच्या कारखान्याच्या दारातल्या ओंडक्यावर टेकला.

झेडॉक व्हिटकम यांनी मान वर केली नाही. लोण्याचं छोटं पिंप गुडघ्यांत धरून ते त्यावर लाकडी कडं बसवत होते. जून नुकताच लागला होता, गायांना हिरवं गवत मिळायला लागलं होतं, आणि अशा दिवसांत हार्लो गावातल्या प्रत्येक घराला एकदमच पिंपं हवी असायची. बाहेर पायरीवर त्यांची मुलगी जेरुशा रानातली भाजी निवडत बसली होती. दार उघडंच होतं. आतलं सगळं बोलणं तिला ऐकू येत होतं.

अमासाला यंदा गावसभेने पहिल्यांदाच राज्याच्या विधानसभेवर निवडून दिलं होतं. इतकी वर्षं तिथे झेडॉकच जात होते. या वसंतात त्यांनी आपणहून सांगितलं, आता गुडघे ऐकत नाहीत, दुसरा बघा. उद्या अमासा राजधानीला निघणार होता, म्हणून काल घेतलेला नवा गळपट्टा बांधून तो सल्ला विचारायला आला होता. उतरायचं कुठे, सभागृहात कुठल्या बाकावर वारा लागत नाही, कुणाच्या मान हलवण्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं सगळं त्याने विचारून घेतलं. झेडॉकनी दर प्रश्नाला चार-पाच शब्दांत उत्तर दिलं. खिडकीपासून लांब बस म्हणाले. मग सभापतीच्या निवडणुकीचा विषय निघाला.

"नाही म्हणायचं असतं असं कोण म्हणालं?" झेडॉकनी विचारलं.

"ओबेडकाका फार्नम. म्हणाले, ज्याला निवडलं त्याने उठायचं, मी लायक नाही म्हणायचं, मग सगळे..." इथे अमासाच्या लक्षात आलं की आपण हे कुणापुढे बोलतोय. त्याचे कान लाल झाले. हार्लोतच काय, डोंगराकडच्या साऱ्या गावांत ती गोष्ट माहीत नसलेला माणूस नव्हता.

जेरुशाचे हात थांबले. आता बाबा आपलं ते ठरलेलं वाक्य म्हणणार, याची ती वाट पाहत राहिली. गेल्या दहा-बारा वर्षांत हा विषय निघाला की ते एवढंच म्हणत आले होते : मी सांगितलं लायक नाही, त्यांनी ऐकलं. लोक हसत आणि त्या हसण्यात त्यांच्याबद्दल माया असे.

आज झेडॉकनी हातोडी खाली ठेवली.

"तुला निवडणार नाहीत," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी तर नाहीच. पण पुढेमागे कधी निवडलं, तर उठायचं आणि सरळ जाऊन बसायचं. जे बोलायचं ते बसल्यावर."

अमासाला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो हसला. झेडॉक हसले नाहीत. त्यांनी पुढचं कडं उचललं आणि त्याला म्हणाले, जरा ते टोक धर.

जेरुशा पायरीवर तशीच बसून राहिली. आत जावं, असं तिला वाटलं. पण अमासा होता, हातात भाजी होती, आणि अशा वेळी आत जाऊन नेमकं म्हणायचं काय असतं, हे तिला चाळिशी उलटली तरी ठाऊक नव्हतं. तिने भाजी धुतली, खारवलेल्या डुकराच्या तुकड्याबरोबर शिजत टाकली. संध्याकाळी झेडॉक जेवले. भाजी अळणी झालीय म्हणाले. सुकी सफरचंदं भरून भाजलेल्या गोड पायचे दोन तुकडे त्यांनी खाल्ले, आणि खिडकीत उजेड असतानाच झोपायला गेले. दिवस रोजच्यासारखाच गेला. पुढे तिने तो कितीदा तरी मनाशी उलगडून पाहिला, पण त्यात इशारा म्हणावा असं काही सापडलं नाही.

*

झेडॉक व्हिटकम खोटं बोलत नाहीत, हे त्या भागात हवापाण्यासारखं सगळ्यांना माहीत होतं. पिंप विकत घ्यायला आलेल्या बाईला ते सांगत, हे तळाशी झिरपेल, दुसरं न्या. पाद्रीसाहेबांनी एकदा कौतुकाच्या अपेक्षेने विचारलं, आजचं प्रवचन कसं वाटलं. "लांब," झेडॉक म्हणाले. एका शेजाऱ्याचा दुसऱ्याशी हद्दीवरून वाद चालला होता, तेव्हा साक्षीला उभे राहून यांनी भलतंच सांगितलं : माझंच कुंपण याच्या जमिनीत हातभर आत आहे. शेजाऱ्याने तसं कधी म्हटलंही नव्हतं. त्यांची बायको हयात होती तेव्हा म्हणायची, या माणसाला नवी टोपी दाखवायची सोय नाही.

म्हणूनच दहा-बारा वर्षांपूर्वी डोंगराकडच्या गावांनी सभापतिपदासाठी त्यांचं नाव पुढे केलं. समुद्रापलीकडच्या राजाशी लढाई होऊन राज्य आपलं झालं त्याला आता बरीच वर्षं लोटली होती, पण सभापतीची खुर्ची कायम नदीकाठच्या व्यापारी गावांकडेच असायची. समित्यांवर कोण बसणार हे सभापती ठरवणार, आणि डोंगरात रस्ता मागणारे अर्ज कुठल्या समितीत कुजत पडायचे हेही तोच ठरवणार. नदीकाठचा उमेदवार होता कर्नल लेम्युएल गेज, गोड बोलणारा, सुंदर हातांचा माणूस. डोंगराकडची माणसं आपसांत कधी एका मतावर येत नसत. पण झेडॉकच्या नावावर आली.

झेडॉकनी घरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त एके सकाळी जेरुशा दुधाची बादली घेऊन गोठ्याकडे गेली, तर आतून त्यांचा आवाज आला. घरात कधी न ऐकलेला, सावकाश, भरदार आवाज. "सभागृहाने शांत व्हावं," ते बैलांना सांगत होते. बैल शांतच होते. थोडा वेळ गेला आणि ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा हळू, अधिक चांगलं. जेरुशा पाय न वाजवता मागे फिरली, आणि बऱ्याच वेळाने बादली मुद्दाम दारावर आपटत परत आली.

त्याच आठवड्यात ते तिला म्हणाले, तुला यायचं असेल तर ये, सज्जात बायका बसतात. त्यांच्या तोंडी ही विनवणीच होती. ती गेली. वाटेत गाडीवर त्यांनी तिला तिथली रीत समजावून सांगितली. नाव पुकारलं की उठायचं आणि म्हणायचं, मी या मानाला लायक नाही, मला मोकळं करा. मग सगळे ओरडतात, नाही नाही, तुम्हीच. मग दोघं सभासद येऊन दंडाला धरून खुर्चीपर्यंत नेतात.

"सगळ्यांना ठाऊक असतं तर म्हणायचंच कशाला?" जेरुशाने विचारलं.

"रीत आहे. पाहुण्याने सफरचंदाच्या पायच्या दुसऱ्या तुकड्याला नको म्हणावं तशी."

"तुम्ही पायला कधी नको म्हटल्याचं मला आठवत नाही."

झेडॉकनी त्यावर विचार केला. "नाही खरं," ते म्हणाले.

सभागृहात चिठ्ठ्या गोळा झाल्या, मोजल्या गेल्या. थोडक्या मतांनी का होईना, झेडॉक व्हिटकम निवडून आले. खाली डोंगराकडच्या बाकांवर पाय आपटल्याचा आवाज झाला. झेडॉक उभे राहिले. जेरुशाने त्यांच्यासाठी शिवलेला काळा कोट पाठीवर नीट बसला होता, हे तिने वरून आधी पाहिलं.

त्यांनी सभागृहाचे आभार मानले. मी या मानाला लायक नाही, म्हणाले. एवढ्यावर थांबायचं होतं. दुसरा कुणीही थांबला असता. पण पोकळ वाक्य उच्चारायची त्यांना आयुष्यात सवय नव्हती. ते वाक्य त्यांच्या जिभेवर रिकाम्या पिंपासारखं वाजलं असावं, आणि ते भरायला त्यांनी खऱ्या गोष्टी शोधायला सुरुवात केली. लढाईत तोफेजवळ उभं राहिल्यापासून आपल्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणाले. छापलेलं वाचायला वेळ लागतो. कायदा शिकलेलो नाही. थकलो की चिडतो. याच बाकांवर माझ्याहून जाणते लोक बसलेले आहेत. एकेक गोष्ट ते शोधून, तपासून, समोर ठेवत गेले. सगळं खरं होतं. त्यांना ती खुर्ची नको होती, एवढं सोडून.

बोलून झाल्यावर ते थांबले. आता ओरडा व्हायचा होता. जेरुशाला वरून स्पष्ट दिसलं : त्यांचा उजवा पाय बाकाबाहेर, मधल्या वाटेत पडलाही होता. चवड्यावर भार देऊन ते नुसते उभे होते.

कुणीच ओरडलं नाही. नदीकाठची मंडळी आपापली नखं बघत होती. डोंगराकडच्यांनी माना खाली घातल्या होत्या. आणि मग शेजारच्या गावाचा ओबेड फार्नम उठला. लढाईत दोघं एका घोंगडीत झोपलेले, तेव्हापासूनचा मित्र. त्याचे डोळे भरले होते.

"या माणसाला मी लढाईच्या दिवसांपासून ओळखतो," ओबेड म्हणाला. "हा नाही म्हणतो तेव्हा नाहीच असतं. आपण सगळे इथे रीत म्हणून बोलतो, हा नाही बोलत. आपल्या सोयीसाठी माझ्या मित्राला त्या खुर्चीत कोंबू नका. त्याला मोकळं करा."

ठराव मंजूर झाला. नदीकाठच्यांचा होकार जरा जास्तच मोठा होता, पण डोंगराकडच्यांनीही दिला, आणि मनापासून दिला. त्यांना वाटलं, आपण एका खऱ्या माणसाच्या शब्दाचा मान ठेवतोय. जेरुशाने बाबांचा पाय परत बाकाच्या आत जाताना पाहिला.

दुसऱ्या फेरीत कर्नल गेज निवडून आले. त्यांनी छातीवर हात ठेवून, छताकडे बघत फार सुरेख नकार दिला, आणि सभागृह नाही नाही म्हणून दणाणलं. त्यांना खुर्चीकडे न्यायला दोन सभासदांची नावं घ्यायची होती. एक नदीकाठचा घेतला, आणि दुसरा, सन्मान म्हणून, झेडॉक व्हिटकम. झेडॉकनी कर्नलांचा दंड धरला. एखाद्या वयस्कर माणसाला प्रार्थनाघरात आत न्यावं तसं जपून, पायऱ्या सांगत, त्यांनी त्यांना वर नेलं, बसवलं, आणि आपल्या बाकावर परत आले.

येताना ओबेड त्यांच्याच गाडीत होता. वाटेतल्या प्रत्येक खानावळीत त्याने उतरून ती हकिगत सांगितली, आपल्या मित्राने कसा मान झुगारला आणि आपण त्याला कसं सोडवलं. झेडॉक घोड्याला पाणी दाखवत उभे राहायचे. ओबेडला त्याच्या फाट्यावर सोडल्यावर गाडीत दोघं बापलेकच उरली. मग रस्त्यावरची नजर न काढता झेडॉकनी विचारलं, "वरून नीट दिसलं का?"

"मधे खांब होता," जेरुशा म्हणाली.

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी लगाम हलवला.

तेव्हा तिला वाटलं, आपण त्यांची लाज राखली. त्यांना कुणाकडून लाज राखून घ्यायची नव्हती, निदान एका माणसाला तरी ते दिसलेलं असावं एवढंच हवं होतं, हे तिला कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. तोवर पुन्हा विचारायचं सोडून झेडॉक आपल्या त्या एका वाक्यात राहायला गेले होते. दर शरदात, पिकं घरात आल्यावर, ओबेड फार्नम बायकोमुलांसह त्यांच्याकडे जेवायला येई आणि ती गोष्ट पुन्हा सांगे. दर वर्षी त्याच्या गोष्टीतली सभागृहाची शांतता थोडी आणखी वाढे. झेडॉक ऐकत आणि त्याच्या ताटात मांस वाढत. रस्त्याचा अर्ज आणखी सहा सभापतींच्या हाताखालून गेला.

*

अमासा येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी झेडॉक न्याहारीला आले नाहीत. जेरुशा बघायला गेली. कारखान्यात ते बाकाला पाठ लावून जमिनीवर बसले होते. मांडीवर ताज्या सालपटांचा ढीग, आणि त्यातून अजून लाकडाचा ओला वास येत होता. ती त्यांच्याजवळ बसली. मग उठून शेजारणीला बोलवायला गेली, कारण अशा वेळी करायची कामं असतात आणि ती कुणीतरी करावी लागतात.

त्यांना आंघोळ घातली, तोच काळा कोट घातला, आणि सुताराने आणलेली शवपेटी पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांवर ठेवली. अमासा राजधानीला गेलाच नाही. सभापतीची निवड माझ्यावाचून अडत नाही, म्हणाला आणि कबर खणायला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलं. ओबेड फार्नम घोड्यावरून आला. त्याला उतरवायला दोघं लागले.

प्रार्थनेनंतर पाद्रीसाहेब बोलले. हल्ली जो तो मानासाठी धावतो, म्हणाले, पण आपल्यात एक असा माणूस राहिला की ज्याने समोर आलेली खुर्ची शांतपणे बाजूला सारली, कारण त्याला ती नको होती. लोकांनी माना हलवल्या. मग सगळे ओबेडकडे बघू लागले, कारण पुढची गोष्ट त्याची होती. ओबेडने ती सांगितली. आता आवाज फार कापत होता, मधले शब्द गळत होते, पण ते शब्द खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होते.

"तुला सांगतो जेरुशा," शेवटी तो तिच्याकडे वळून म्हणाला, "माझं शेत नीट चाललं नाही. पोरगा समुद्रावर गेला तो आलाच नाही. भाषणं तर मला कधी जमलीच नाहीत. पण त्या दिवशी बरोबर वेळेला उठलो. आयुष्यात एवढं एक माझ्या हातून नीट झालं."

भिंतीशी उभा असलेला अमासा अस्वस्थ झाला. "पण झेडॉककाका मला परवाच म्हणाले होते..." तो बोलून गेला.

"काय म्हणाला?" ओबेडने लगेच विचारलं. मित्राचा एखादा शेवटचा शब्द मिळेल म्हणून त्याचा चेहरा एकदम उघडा झाला होता.

अमासाने जेरुशाकडे पाहिलं. ओबेडकडे पाहिलं. त्याला काहीतरी कळू लागलं होतं, आणि ते कळायला नको होतं असंही त्याच्या तोंडावर दिसत होतं. जेरुशाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते इतकी वर्षं तिच्यापाशी तयार होतं. तिने पेटीकडे पाहिलं. दर शरदात ओबेडच्या ताटात वाढणारा तो हात आता कोटाच्या बाहीतून बाहेर आलेला, दुसऱ्या हातावर ठेवलेला होता. ज्या माणसाने पिंपाबद्दल खोटं सांगितलं नाही, पाद्रीला सांगितलं नाही, त्याने हे एकच खोटं मरेपर्यंत सांभाळलं होतं, आणि ज्याच्यासाठी सांभाळलं तो समोरच बसला होता.

"खिडकीपासून लांब बस म्हणाले," जेरुशा म्हणाली. "सभागृहात."

ओबेड हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. "वारा येतो खरा तिथून," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. महिनाभर शिंकत होतो." कुणीतरी त्याला पाणी दिलं. अमासाने मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केली नाही.

मग न्यायची वेळ झाली. पुरुष पेटी वाहायची तिरडी ओसरीवर लावायला गेले. पाद्रीसाहेबांनी बायकांना खुणेने बाहेर काढलं, कारण झाकण बसवण्याआधी घरच्या माणसांना थोडा वेळ द्यायचा असतो. घरचं माणूस एकच होतं. शेवटी ओबेड गेला. दाराच्या चौकटीला धरून त्याने एकदा मागे पाहिलं. जेरुशाने उठून त्याच्यामागे दार लोटलं.

बाहेर गाडीचा घोडा खूर आपटत होता. कुणीतरी हळू आवाजात सांगत होतं, डावीकडे घे, डावीकडे. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. ती पेटीच्या कडेला उभी राहिली आणि बाजारात चारचौघांत बोलावं तशा साध्या आवाजात बोलली.

"तुम्हाला ती खुर्ची हवी होती, बाबा. मला ठाऊक होतं."

दारापाशी पावलं आली आणि थांबली. तिने आवाज खाली घेतला नाही.

"तुम्ही बसायला हवं होतं. मला बघायचं होतं."